पुनाच्या वाट्याचे घास

पुना पाटलाच्या गळ्याखाली घास उतरत नाही, ही गोष्ट त्या साली एरंडोलपासून पार पिंपळनेरपर्यंत गेली होती. बाजारात, विहिरीवर, कोणाच्या दहाव्याला चार माणसं टेकली की विषय निघायचाच. "बाप असावा तर असा! पोरगा गेल्यापासून माणसाला अन्न गोड नाही." सांगणाऱ्याचे डोळे पाणावायचे, ऐकणारा मान हलवायचा, आणि मग दोघं मिळून पुनाच्या बायकोकडे वळायचे. भिकुबाई मात्र जेवायची. ज्वारीची भाकरी, वर मिरचीचा ठेचा, असलीच तर उडदाची डाळ. खायची आणि हात धुऊन शेताची वाट धरायची. आता यात सांगण्यासारखं काय आहे हो? पण गावाला सांगण्यासारखं वाटायचं.

खरं काय ते भिकुबाईला ठाऊक होतं, कारण पुनाची धोतरं तीच धूत होती. दिवसातून पाच-सहा वेळा तांब्या घेऊन त्याला नाल्याकडे न्यायचं, दोन घास पोटात पडले की त्याला मळमळायला लागायचं, तिसऱ्याला उमासा यायचा, आणि उलटीनंतर भिंतीला टेकून बसलेल्या माणसाच्या पाठीवरून हात फिरवायचा, हे सहा महिने तिचं काम होतं. दुःखानं माणसाचं जेवण तुटतं हे तिलाही कळत होतं. पण दुःखानं रोज पहाटे हगवण लागत नाही, एवढं कळायला काही शहाणपण लागत नाही.

हे सगळं आश्विनात सुरू झालं होतं. मानमोडीची साथ आली आणि गावावरून नांगर फिरल्यासारखी फिरली. ताप यायचा, अंग मोडायचं, मान उचलवायची नाही, छाती भरून यायची, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी चांगला चालता-बोलता माणूस हातचा जायचा. सरणाला लाकूड पुरेना. पुना आधी पडला. तो तसाही तीन वर्षांपासून पुरता धड नव्हता. सकाळी उठला की डोळ्यांखाली पिशव्या आलेल्या असायच्या, संध्याकाळी पाय सुजायचे, बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. यावलच्या एका वैद्यानं सांगितलं होतं की याचे गुर्दे दुबळे आहेत, मीठ कमी खा. तेवढ्यावर गाडं चाललं होतं.

बापाची सेवा मगननं केली. वीस वर्षांचा पोरगा, एकुलता एक. बापाला पाठीवर घेऊन अंगणात न्यायचा, पाणी पाजायचा, ओकारी काढायचा. सोमवारी तोच आडवा झाला आणि गुरुवारी गेला. त्या दिवशी गावात सहा जण गेले होते. खांदा द्यायला चार धड माणसं मिळेनात, म्हणून मगनला बैलगाडीतून नेलं. पुना तेव्हा तापात बरळत होता. भिकुबाईनं एका खोलीत पोराला अंघोळ घातली आणि तेच हात पुसून दुसऱ्या खोलीत नवऱ्याच्या तोंडात पाणी सोडलं. रडायला बसली असती तर ते पाणी कोणी सोडलं असतं?

आठव्या दिवशी पुना शुद्धीवर आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला. थोड्या वेळानं म्हणाला, "माले बाहेर ले. पोटमा कळ उनी." पुढे ताप गेला, खोकला गेला, गावातली जगली-वाचलेली माणसं पंधरा-वीस दिवसांत भाकरी खायला लागली. पुनाचं पोट मात्र तिथंच अडकून बसलं.

आणि लोकांनी त्याचं दुःख करून टाकलं. सगळ्यांत आधी केलं ते त्याच्या थोरल्या बहिणीनं. शेवंताबाई पिंपळनेरला दिलेली होती. बाई मायेची, पण जिभेला हाड नाही. कार्तिकात भेटायला आली, भावाची ती खपाटीला गेलेली कूस पाहिली, आणि त्याच वेळी चुलीपाशी भिकुबाई भाकरी खात बसलेली पाहिली. ओसरीवरच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मन्हा भाऊ सुकी गया, आन् हाई बाई दोन दोन भाकरी खास! मायना पोटमा काय दगड शे का?"

भिकुबाईनं हातातला तुकडा खाली ठेवला नाही. तिला दुपारी कपाशी वेचायला जायचं होतं, घरात दुसरं कोण होतं जाणारं? तिनं ती भाकरी संपवली. पण त्या दिवसापासून गावात ती "खाणारी माय" झाली. बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. तिला राग यायचा तो याचा नाही. तिला राग यायचा की सहा महिन्यांत एकाही माणसानं तिला, "बाई, तू कशी आहेस," म्हणून विचारलं नव्हतं. येणारा तो पुनासमोर बसायचा, पुनाच्या मांडीवर हात ठेवायचा, पुनाला म्हणायचा, "भाऊ, तुन्हा पोऱ्या गया रे." तिनं चहाचं पाणी ठेवायचं.

फाल्गुनात शेवंताबाईनं हट्ट करून भावाला पिंपळनेरला नेलं. हवापालट होईल, बहिणीच्या हातचं चार घास खाईल. तिनं काय काय करून घातलं! खिचडी, पापड, कैरीचं लोणचं, बिबड्या, कढी. पुना ओकायचा आणि बहिणीच्या डोळ्यांतलं पाणी पाहून पुन्हा खायचा. आठव्या दिवशी त्याला गाडीत घालून परत आणला तेव्हा भिकुबाईनं नवऱ्याला ओळखलं नाही. तोंड सुजून डोळ्यांच्या फटी राहिल्या होत्या, पाय खांबाएवढे झाले होते, आणि आडवं केलं की श्वास कोंडायचा. पाच दिवस तो उशीला टेकून बसूनच होता.

तेव्हा तिनं कोणाला विचारलं नाही. माहेरच्या चुलतभावाला, झिपरूला, गाडी जुंपायला लावली आणि नवऱ्याला जळगावला घेऊन गेली. तिथला डॉक्टर पुण्याकडचा, तरुण, मानमोडीत दिवसरात्र राबून स्वतःच अर्धा झालेला. त्यानं पुनाची लघवी काचेच्या नळीत घेतली आणि दिव्यावर धरली. पाण्यासारखं दिसणारं ते बघता बघता पांढरं झालं, दूध नासावं तसं.

"बाई, गुर्दे म्हणजे शरीराची गाळणी," डॉक्टर म्हणाला. "यांची गाळणी आधीच फाटत आलेली. त्यात ही साथ झाली. धडधाकट माणसाचं पोट महिन्याभरात ताळ्यावर येतं. ज्यांचे गुर्दे खराब, त्यांचं मी पाहतोय, सहा सहा महिने येत नाही. मळमळ, जुलाब, अन्नावर वासना नाही. असं का होतं, विचाराल तर मलाही पुरतं कळलेलं नाही. पण होतं एवढं खरं."

"मंग याले दुःख नही?" तिनं विचारलं.

डॉक्टर थोडा गोंधळला. "दुःख असेलच की. पण जेवण तुटलंय ते त्यानं नाही." मग त्यानं बोटावर मोजून सांगितलं. मीठ बंद. पापड, लोणचं, डाळ बंद. पातळ भात, पाणी घातलेलं दूध, तेही थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. "आणि एक ध्यानात ठेवा. पिंपळनेरला जसं झालं तसं आणखी एकदा झालं, एकाच जेवणात झालं, तरी सूज छातीवर चढेल. मग माझ्याकडे आणू नका, तेवढा वेळ मिळणार नाही."

भिकुबाईनं ते मंत्रासारखं पाळलं. मिठाचं मडकं उचलून तिनं माळ्यावर ठेवलं. नवरा अळणी खातो म्हणून स्वतःही अळणी खायला लागली. चैत्र संपता संपता पुनाच्या पायांची सूज उतरली. उलटी चार दिवसांतून एकदा व्हायला लागली. एक दिवस त्यानं वाटीभर भात खाऊन वाटी पुढे केली, "आजून थोडा दे." तिला वाटलं, उठून नाचावं. तेवढ्यात दारात कोणाची तरी चाहूल लागली, आणि पुनानं ती वाटी चटकन पाठीमागे लपवली.

माणूस निघून गेल्यावर तिनं विचारलं, "लपाडी काबरं?"

पुना म्हणाला, "कोणले सांगू नको. डॉक्टरनं बी नको सांगू, पोटनं बी नको."

"काबरं पण?"

"लोके म्हनतीन, बापले पोऱ्यानं दुःख नव्हतंच. पोट बिघडेल व्हतं." तो तिच्याकडे पाहत नव्हता. "आन् खरं सांगू? मगननं तोंड आठवाले बसस, ते मळमळ सुटस. सहा महिना व्हयनात, माले पोटभर रडता नही उनं. मन्हा जीव बठ्ठा पोटमाच. मन्हा करता तो मरना, आन् माले त्यानं दुःखबी करता नही येत. निदान लोकेसले तरी वाटू दे."

त्यानं तिचा हात धरला आणि म्हणाला, "तुले मगननी आन शे."

जिवंत माणसाची शपथ मोडली तर पाप लागतं. मेलेल्याची मोडली तर तो वरती अडकून पडतो, असं तिकडे सगळेच मानतात. भिकुबाईला तोंड दाबून बुक्क्यांचा मार झाला.

आणि वैशाखात आखाजी आली.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतात. वर्षात कोणी गेलं असेल तर त्याच्या नावाची नवी घागर भरायची, वर खरबूज आणि सांजोरी ठेवायची, चुलीतल्या निखाऱ्यावर पितरांच्या नावाचा घास, म्हणजे आगारी, टाकायची, आणि मग त्या घराचा दुखवटा उठला असं समजायचं. त्या साली घरोघरी नव्या घागरी होत्या. कुंभाराला पुरवता पुरवता नाकी नऊ आले. पण पुनाच्या भाऊबंदकीची आणखी एक रीत होती. घागर भरली की पंगतीआधी प्रत्येक घराच्या कर्त्यानं घरच्या ताटातला एक घास शोक असलेल्या बापाच्या तोंडात घालायचा. "दुःख काढणं" म्हणत त्याला. एकोणीस घरं, एकोणीस घास. एकही घास नाकारायचा नाही. नाकारला तर मेलेल्याची घागर कोरी राहते. आणि घास तरी कसला, पुरणपोळीचा मोठा तुकडा, खारट रशीत बुडवलेला, वर पापड, कुरडई, भजं. प्रत्येकाला वाटायचं, आपला घास मोठा हवा. एवढ्या नावाजलेल्या दुःखाला लहान घास कसा चालेल?

आदल्या दिवशी दुपारी भिकुबाई नवऱ्यासमोर बसली. "शेजारना गावले निंघी जाऊत. बिमार शे म्हनी सांगूत."

"आखाजीले बाप घर सोडी जाई? मगननी घागर कोण भरी?"

"मंग घास खाऊ नका."

"मी खासू. जे व्हई ते व्हई."

"डॉक्टरनं काय सांगं, आयकं ना तुम्ही? एकोणीस घास! पुढला आखाजीले दुसरी घागर भरू का मी? पोऱ्यानं तुमले पाठवर लेईसन वाचाडं. कसाले वाचाडं मंग?"

पुनानं तरीही शपथ सोडवली नाही. पुरुषाची अब्रू ही काय चीज असते, ते बायकोलाच विचारावं.

आखाजीच्या दिवशी अंगण माणसांनी भरलं. मगनची घागर गव्हाच्या राशीवर ठेवली. पुनानं तिच्यात पाणी ओतलं. ते पाहून बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग त्याला पाटावर बसवलं. भाऊबंद आपापली ताटं घेऊन ओळीनं उभे राहिले. पुढे सुपडूनाना, भाऊबंदकीतला सगळ्यात वडील, नात्यानं भिकुबाईचा जेठ, म्हणजे थोरला दीर. लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे चोवीस वर्षांत, ती त्याच्यासमोर एक शब्द बोलली नव्हती, तोंड उघडं करून कधी उभी राहिली नव्हती. सुपडूनानानं मूठभर घास वळला. "पुनाभाऊ, तोंड उघड," म्हणाला. पुनानं तोंड उघडलं.

भिकुबाई बायकांच्या घोळक्यातून उठली. पुढं काय करायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. पाय चालत गेले. ती नवऱ्याच्या आणि जेठाच्या मध्ये जाऊन मातीत बसली, आणि डोक्यावरचा पदर मागे केला.

"नाना, घास माले द्या."

सुपडूनाना हातातला घास तसाच धरून उभा. "बाई, हाई काय रीत शे?"

"दुःख काढानं ना? मंग मन्हं काढा." तिनं तोंड उघडलं.

"अगं माय व!" शेवंताबाई मागून ओरडली. "सहा महिना खायीसन पोट नही भरनं का? आते भाऊना तोंडमधला घास बी पाहिजे हिले!" बायकांत कुजबुज झाली. कोणी तरी हसलंही. भिकुबाईला सगळं ऐकू आलं. उत्तर तिच्या जिभेवर होतं, एका वाक्याचं होतं, आणि ते तिला बोलता येत नव्हतं. तिनं तोंड मिटलं नाही.

सुपडूनाना म्हातारा होता. त्यानं स्वतःची नात त्याच साथीत पोचवली होती. त्यानं तिच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग आजवर जिचा चेहरा त्यानं पाहिला नव्हता त्या बाईच्या तोंडात त्यानं तो घास घातला आणि रीतीप्रमाणं म्हणाला, "बाई, तुन्हा मगन गया."

ते शब्द तिला पहिल्यांदाच कोणी म्हटले होते.

तिनं घास चावला. रशीचं मीठ दीड महिन्यानं जिभेला लागलं. घास गालात फिरायला लागला. तिनं डोळे मिटून तो गिळला. दुसरा आला. "मगन गया." तिसरा आला. "मगन गया, बाई." आता नानानंच दिला म्हटल्यावर बाकीच्यांना थांबता येईना. चौथ्या घासाला तिच्या डोळ्यांतून धार लागली. सातव्याला ती हुंदके देत चावत होती, पुरण हनुवटीवरून ओघळत होतं, आणि प्रत्येक घासाबरोबर तिला मगन दिसत होता, अंघोळीसाठी निजवलेला, अंग अजून कोमट असलेला, कानामागचा मळ तिनं बोटानं काढला होता तो. एक घास चुकला तर तो मागे बसलेल्या माणसाच्या तोंडात जाईल, एवढंच तिला कळत होतं. नववा. दहावा. अकरावा घास तोंडात असतानाच तिला ओकारी आली. तिनं हातानं तोंड दाबून धरलं, आलेलं परत गिळलं, आणि बाराव्यासाठी तोंड उघडलं.

घोळक्यातलं हसू कधीच थांबलं होतं. शेवंताबाई पदर तोंडात धरून उभी होती.

तेवढ्यात भिकुबाईच्या पाठीवर एक हात आला. मानेपासून खालपर्यंत, सावकाश, ओकणाऱ्या माणसाच्या पाठीवरून फिरवतात तसा. भरल्या अंगणात, वडीलधाऱ्यांसमोर, पुना पाटावरून खाली उतरून बायकोच्या मागे मातीत बसला होता.

"बस करा," तो म्हणाला. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "माले पोटनी बिमारी शे. गुर्दा खराब शेतस. मानमोडीपाईन अन्न टिकत नही, ते दुःखकरता नही. मीठ खादं ते मी मरसू, म्हनीसन हाई खाई राह्यनी. मीच आन घाली व्हती तिले, कोणले सांगू नको म्हनी."

बाराव्या घराचा कर्ता घास हातात घेऊन उभाच होता.

"सहा महिना तुम्ही बठ्ठा माले समजाडी राह्यनात," पुना म्हणाला. "पोऱ्या तिना गया रे. तिले कोणी तरी समजाडा."

शेवंताबाई पुढे आली. भिकुबाईच्या शेजारी मातीत बसली, आपल्या पदरानं तिचं तोंड पुसलं आणि ओंजळ तिच्या हनुवटीखाली धरली. "थुकी दे," ती म्हणाली, "थुकी दे, माय."